गवती हॅटची कड

मोजणीदार एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायातला बूट ओढून काढत होते. पहिला बूट आधीच झुडपाखाली पडला होता. त्याच्या शेजारी कमरेचा पट्टा, मनगटी घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा, छोटा चाकू आणि चष्म्याची पत्र्याची डबी असा सगळा ऐवज एका रुमालावर ओळीने मांडलेला होता. डोक्यावरची गवती हॅट तेवढी जागची हललेली नव्हती.

त्यांची बायको डबा घेऊन टेकाड चढून आली आणि धापा टाकत तिथेच थबकली. घरी विसरलेला डबा पोचवायची या आठवड्यातली तिची ही दुसरी वेळ होती.

"हे काय चाललंय?"

"बुटात खिळे आहेत."

"ते घेतल्या दिवसापासून आहेत."

"म्हणूनच काढतोय," ते म्हणाले आणि दुसरा बूटही त्यांनी भिरकावून दिला.

पट्ट्यावाचून घसरणारी पँट एका हाताने सावरत, दुसऱ्या हाताने होकायंत्र डोळ्याशी नेत ते अनवाणी उभे राहिले. समोरच्या उतारावर, फळझाडांच्या दोन रांगांमध्ये, पांढरं फडकं बांधलेली खुंटी रोवलेली होती. त्यांनी एक डोळा मिटला, श्वास धरला, आकडा मनात घेतला आणि वहीत पाहिलं. मग होकायंत्र हळूच खाली आणलं. मनातलं चेहऱ्यावर दिसू न देण्यात ते तरबेज होते, पण चौतीस वर्षं त्या चेहऱ्यासमोर बसून जेवलेल्या बाईपासून काय लपणार?

"जुळत नाही ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बुटांनी."

ते दगडावर टेकले. डबा उघडला, उकडलेलं अंडं हातात घेतलं आणि सोलायचं सोडून त्याच्याकडे बघत बसले.

"इथून त्या खुंटीकडे पाहिलं की एक कोन येतो," ते म्हणाले. "त्या खुंटीवर जाऊन इकडे पाहिलं की बरोबर त्याच्या उलटा यायला हवा. सगळी बाग फिरून पहिल्या खुंटीवर परत आलं की आकृतीची टोकं जुळून ती मिटायला हवी. दोन आठवडे झाले, मिटत नाहीये. कुठे चार अंशांची चूक, कुठे सात."

"जवळपास लोखंड असेल."

"कुंपण लाकडाचं आहे. नळ पार त्या टोकाला. सगळं बघून झालं. म्हटलं, अंगावरचं तरी काढून बघू."

"मग यंत्रच बिघडलं असेल."

"सोमवारी शिकाऊला बोलावलं होतं." त्यांनी अंडं परत डब्यात ठेवलं. "तिच्या हातात बरोबर चालतं."

शिकाऊ म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली मोजणीदार बाई. आता तिच्याच हाताखाली पाच माणसं होती, केस पिकायला लागले होते, तरी यांच्या लेखी ती अजून शिकाऊच. तिच्या हातात यंत्र बरोबर चालतं आणि यांच्या हातात चालत नाही, याचा अर्थ काय तो ते बोलले नाहीत. बायकोनेही विचारला नाही. त्यांच्या वडिलांचं डोकं त्रेसष्टाव्या वर्षी जायला लागलं होतं, आणि सुरुवात अशीच साध्या हिशेबापासून झाली होती. मोजणीदारांना गेल्या महिन्यात बासष्ट पूर्ण झाली होती.

डबा पोचवून ती परत निघाली. वाटभर ती स्वतःला समजावत राहिली की माणूस थकला की चुकतो. हा माणूस मात्र चुकण्यातला नव्हता. ऑफिसात त्यांना सगळे मागून काटकोन म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्यांना शोधत यायचे, कारण उपग्रहावर चालणाऱ्या नव्या यंत्रांना वर मोकळं आभाळ लागतं आणि दाट झाडीखाली ती गोंधळतात. ही बाग दोन मुलांत वाटून द्यायची होती. बागवालीने दोन्ही मुलांना बजावलं होतं, मधली रेघ काटकोन आखतील, मग तोंड उघडायचं नाही. तीच रेघ अडकून पडली होती.

तिला स्वतःला विचाराल तर तिला ही कामंच नको होती. वर्षापूर्वी डॉक्टरांनी मोजणीदारांच्या उजव्या कानाच्या पाळीवरचा एक काळा डाग काढला, आणि त्याबरोबर पाळीचा तुकडाही. उन्हात बिलकूल जायचं नाही, गेलात तर डोकं झाकून, दुसरा डाग आला तर एवढ्यावर भागणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. उन्हात न जाण्याचा मुद्दा मोजणीदारांना ऐकूच आला नाही. राहता राहिली टोपी.

तीन दुकानं पालथी घालून तिने ही हॅट आणली होती. रुंद काठाची, बारीक विणीची, पुरुषाला शोभेल अशी. दुकानदाराने तिच्यासमोर हॅटची सुरळी केली, पाण्याच्या ग्लासात उभी खोचली आणि बाहेर काढून झटकली, तर ती जशीच्या तशी. मुडपा, गुंडाळा, खिशात ठेवा, काही होणार नाही, असं तो म्हणाला. मोजणीदारांकडून तिने वचन घेतलं की उंबऱ्याबाहेर ही डोक्यावरून उतरणार नाही. त्यांनी दिलेलं वचन म्हणजे रोवलेली खुंटी, ते काही हलायचं नाही.

पण रोज गुंडाळून गुंडाळून सहा महिन्यांत हॅटची पुढची कड मान टाकायला लागली. कोन घ्यायला वाकलं की थेट डोळ्यांवर पडदा. "तुझी ही टोपी मला आंधळं करणार," असं ते दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा म्हटलं की टोपीला रामराम, हे तिने ओळखलं. ती घरी कपड्यांची दुरुस्ती करायची. ढिलं घट्ट करणं, आखूड लांब करणं, चेन बदलणं हा तिचा हातखंडा. एका दुपारी ते झोपलेले असताना तिने त्यांच्या जुन्या सायकलच्या ब्रेकची तार सोडवली, त्यातले दोन बारीक पोलादी धागे वेगळे केले आणि हॅटच्या काठावरच्या पट्टीत घालून वरून टिपून टाकले. टाका दिसेल तर शपथ. कड ताठ झाली, गुंडाळून सोडली की आपसूक उसळून सरळ व्हायची.

"काय केलंस गं?" त्यांनी संध्याकाळी कौतुकाने विचारलं होतं.

"वाफ दिली."

तार म्हटलं असतं तर टोचते, जड झाली, अशी शंभर खुसपटं निघाली असती. वाफेला कोण नावं ठेवणार? पुढे ते बागवालीलाही सांगत सुटले की गवताच्या हॅटला वाफ द्यावी, माझ्या बायकोने शोधून काढलंय. त्या गोष्टीला तीन आठवडे झाले होते.

त्याच दिवशी, बुधवारी संध्याकाळी, मोजणीदार घरी आले, होकायंत्र झाकण उघडून टेबलावर ठेवलं, हॅट काढून त्याला टेकवून ठेवली आणि पाय धुवायला गेले. ती पलीकडे एका पँटची तळपट्टी उसवत बसली होती. तिची नजर सहज गेली. होकायंत्रातली गोल तबकडी हलली, थरथरली आणि बाजूला वळून थांबली.

तिने हॅट उचलली. तबकडी परत जागेवर आली. हॅट ठेवली, तबकडी वळली. तिने तीनदा करून पाहिलं.

त्यांच्या संसारात लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून एक नियम होता. कात्री, सुया, टाचण्या, काहीही या यंत्राच्या वीतभर जवळ न्यायचं नाही. एकदा तिने विसरून कात्री शेजारी ठेवली तर या शांत माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं. चौतीस वर्षं तिने तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला, आणि तार मात्र नेमकी त्यांच्या कपाळावरच शिवून ठेवली. हॅट शिवताना तिच्या डोक्यात त्यांचा कान होता, यंत्राची आठवणसुद्धा तिला झाली नव्हती. आणि ते तरी काय, खिळे काढले, किल्ल्या काढल्या, पण गवताला वाफ दिलीय म्हटल्यावर गवतावर कशाला संशय घेतील? शिवाय वचन होतं. तिला हसू आलं आणि जिवात जीव आला. त्यांचं डोकं शाबूत होतं. "अहो," अशी हाक तिच्या ओठांवर आली.

तेवढ्यात ते पाय पुसत बाहेर आले.

"शिकाऊला फोन केला," ते म्हणाले. "रविवारी ये म्हटलं, यंत्र घेऊन जा. बाग तीच पुरी करेल. बास झालं आता."

हाक तिच्या ओठांवरच राहिली.

हेच तर ती दोन वर्षं म्हणत होती. गोडीत सांगून झालं, भांडून झालं, मुलीकडून फोन करवून झाला. डॉक्टरांनी हात टेकले. आणि आता हा माणूस आपण होऊन म्हणतोय, बास झालं. ती तळपट्टी उसवत राहिली. खोटं थोडंच बोलतोय आपण, ती मनाशी म्हणाली. फक्त बोलत नाही आहोत, आणि एका यंत्राच्या बदल्यात माणूस वाचतोय. रविवारनंतर कधीतरी ती तार हळूच काढून टाकायची, म्हणजे झालं.

"बरं केलंत," ती मोठ्याने म्हणाली.

गुरुवारी आणि शुक्रवारी मोजणीदार घरात होते. त्यांनी गळका नळ बसवला, खिडकीची कडी नीट केली. मग काही करायला उरलं नाही तेव्हा ते खिडकीशी बसून राहिले. दिव्याचं बटण बंद केलं का, म्हणून त्यांनी एकदा विचारलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत ते होकायंत्र घेऊन फिरायला जायचे. हॅट डोक्यावर, वही खिशात. "शेवटचं फिरवून आणतो त्याला," असं म्हणाले तेव्हा ती हसली. मात्र तिचं हातातल्या कामात लक्ष लागत नव्हतं. शनिवारी तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय खालून चक्क शिवून बंद केला.

रविवारी सकाळी ते पाव आणायला निघाले. जाता जाता त्यांनी होकायंत्राची चामडी पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली.

"याचा बंद एका बाजूने उसवलाय. तेवढा शिवून ठेव. शिकाऊला द्यायचं तर नीट दिसायला हवं."

"अकराला येणार ना ती?"

"अकरा. मी येतोच."

बंद शिवायला तिने पिशवी रिकामी केली. आतल्या कप्प्यात त्यांची छोटी मोजणीवही होती. बाजूला ठेवता ठेवता ती उघडली गेली. डोळ्यांसमोर आलेलं पान बागेचं नव्हतं. वर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'बाजारचौक ते घर.' खाली नेहमीसारखे रकाने. खूण, कोन, पावलं, शेरा.

घड्याळाखाली उभं राहून इतका कोन, एकशे वीस पावलं, दवाखान्याची हिरवी पाटी. तिथून इतका कोन, चौऱ्याऐंशी पावलं, दोन पिंपळ. अशा नऊ ओळी होत्या. तिला आधी गंमत वाटली. ज्या रस्त्याने हा माणूस अठ्ठावीस वर्षं डोळे मिटून येतोय तो कशाला मोजायचा? वेळ जात नसेल, दुसरं काय? मग पानाच्या समासात आडवं लिहिलेलं तिने वाचलं.

'हे पान शर्टाच्या वरच्या खिशात ठेवणे. होकायंत्र नवीन साधं घेणे. रोज जवळ बाळगणे.'

हातातली सुई तिने सुयांच्या उशीत टोचून ठेवली. ती समजत होती की चार दिवस गप्प राहून आपण त्यांच्याकडून फक्त एक काम काढून घेतोय. ते मात्र रोज संध्याकाळी बाहेर पडून, एक दिवस आपल्याला घर सापडणार नाही म्हणून घराचा रस्ता मोजून ठेवत होते. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि मग तिच्या लक्षात आलं की ते सगळे कोन हॅट घालून घेतलेले आहेत.

ती वही आणि होकायंत्र उचलून तशीच बाहेर पडली. घरासमोर मोकळं पटांगण होतं. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यावर दिव्याचा लाकडी खांब, आणि अलीकडे एकाला एक लागून आठ घरांची रांग. सगळी एका नकाशावर बांधलेली, सगळ्यांना तपकिरी दारं आणि तीन तीन पायऱ्या. वहीतली शेवटची ओळ याच खांबापासून होती. कोन दोनशे एकेचाळीस, पावलं अठ्ठावन्न. शेऱ्याच्या रकान्यात 'मागे पाहावे' एवढंच होतं. पान उलटायला तिला धीर नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी तिला हौसेने होकायंत्र धरायला शिकवलं होतं. ते हात विसरले नव्हते. खांबाला पाठ लावून ती उभी राहिली आणि यंत्र डोळ्याशी धरून दोनशे एकेचाळीसवर येईपर्यंत सावकाश वळली. समोर काय दिसतंय याकडे लक्ष न देता त्या रेघेवर चालत निघाली. आपली पावलं त्यांच्याहून लहान, म्हणून तिने दहा जास्त धरली. शेवटचं पाऊल पायरीवर पडलं आणि तिने यंत्र खाली घेतलं.

दार तपकिरी होतं, पायऱ्या तीन होत्या. कडीला बांधलेला हिरवा दोरा मात्र त्यांच्या दाराला नव्हता. दार उघडलं आणि शेजारीण बाहेर आली. गच्चीच्या पाण्यावरून सहा महिने दोघींचं बोलणं बंद होतं.

"काय पाहिजे?"

"काही नाही. एक दार चुकलं."

शेजारणीने तिच्या हातातल्या यंत्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"तिथे काय करतेस?" मागून आवाज आला. मोजणीदार पावाची पिशवी घेऊन पटांगणातून येत होते. तिच्या हातातली वही बघून ते वाटेतच थांबले. त्यांचा चेहरा उतरला.

"ती वही माझी आहे," ते म्हणाले.

ती पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर गेली. शब्दांची जुळवाजुळव करायला वेळ नव्हता, आणि जुळवून बोलण्यासारखं ते नव्हतंही.

"तुमच्या हॅटमध्ये तार आहे," ती म्हणाली. "मी घातली. सायकलच्या ब्रेकची, कडेच्या पट्टीत."

वचन दिल्यापासून पहिल्यांदा त्यांनी उघड्यावर हॅट काढली. अंगठा आणि बोट काठावरून फिरवत नेलं, अर्ध्यावर थांबवलं, परत मागे आणलं. आतल्या तारेचं टोक त्यांच्या बोटाला लागलं.

"वाफ दिली म्हणाली होतीस."

"खोटं सांगितलं."

"तुला कधी कळलं? यंत्राचं?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं.

"बुधवारी. तुम्ही पाय धुवायला गेला होतात."

"आज रविवार आहे."

"हो."

मोजणीदार आपल्या दाराच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. पावाची पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं, तिला ते बरंही वाटलं असतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"चार दिवस," ते म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही घरी बसाल, कान वाचेल. मी तेवढाच विचार केला. तुमच्या मनात हे चाललंय याची मला कल्पना नव्हती. असायला हवी होती."

त्यांनी तोंड पटांगणाकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत असं समजून तिचा जीव भांड्यात पडला, पण शेजारी बसून बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते थोडं हसतही होते.

"मी बूट काढले गं तिथे," ते म्हणाले. "अनवाणी, एका हाताने पँट धरून. बागवाली झाडाआडून बघत होती."

"मीही बघितलं."

"मला वाटलं, गेलं डोकं. बाबांसारखं." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "तुला आठवतं ना? इथेच उभे राहायचे. या पायरीखाली."

ते ती कशी विसरेल? शेवटच्या वर्षी सासरे फिरून यायचे आणि दारात उभे राहायचे. ती आत बोलवायची, पाणी आणून द्यायची, ते हात जोडून नको म्हणायचे. अनोळखी बाईच्या घरात कसा येऊ, असं म्हणत भर उन्हात तासन् तास उभे राहायचे, मोजणीदार ऑफिसातून येईपर्यंत. त्यांच्यासाठी ती खुर्ची बाहेर नेऊन ठेवायची. आज तिने त्यांच्या हातातली हॅट घेतली, पट्टीचा टाका दातांनी तोडला आणि तार ओढून काढली. तार सुटली आणि जमिनीवर वेटोळं होऊन पडली. हॅटची कड लगेच खाली आली.

"घाला आता," ती म्हणाली. "ऊन तापलंय."

"डोळ्यांवर येईल."

"मी धरते."

ते उठून खांबापाशी गेले. ती यंत्र घेऊन मागोमाग. त्यांनी हॅट घातली, तिने दोन बोटांनी पुढची कड उचलून धरली आणि त्यांनी एक डोळा मिटला. त्यांचा श्वास थांबल्याचं तिला इतक्या जवळून कळत होतं. ते पुटपुटले, यंत्र खाली घेतलं आणि घराच्या पायरीपर्यंत चालत गेले. तिथून खांबाकडे पाहिलं. तिथेही तिने कड धरली.

"एकशे ऐंशी," ते म्हणाले. "बरोबर एकशे ऐंशीचा फरक."

एवढं साधं वाक्य बोलताना माणसाचा चेहरा इतका उजळतो हे तिने बऱ्याच दिवसांनी बघितलं. ती पाव उचलायला वाकली.

"शिकाऊला काय सांगायचं? येईलच ती."

"चहा घेऊन जा म्हणावं. बाग मीच पुरी करतो." मग जरा थांबून म्हणाले, "सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर. मधल्या उन्हात नाही. झालं?"

"झालं." वही तिच्याजवळच होती. "हे पान फाडू का?"

"मोजणीवहीचं पान फाडत नाहीत." त्यांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. "चुकलेला आकडा एका रेघेने खोडायचा आणि वर बरोबर लिहायचा. खालचा वाचता आला पाहिजे. शेवटच्या ओळीपासून सुरू कर. दोनशे चौतीस."

"पण आता कशाला हवंय ते? तुम्ही ठणठणीत आहात."

"असू दे. आपल्या दोघांत कुणाला कधी लागेल, काय सांगावं? चुकीचं ठेवू नये एवढंच."

तिने पायरीवर बसून दोनशे एकेचाळीसवर रेघ मारली आणि वर दोनशे चौतीस लिहिलं. पेन्सिल पुढे शेऱ्याच्या रकान्याशी आली. 'मागे पाहावे.' तिने पान उलटलं. मागे बारीक अक्षरात, आकडे लिहावेत तितक्याच काळजीने लिहिलेलं होतं.

'दार वाजवावे. जी बाई दार उघडेल ती ओळखीची वाटली नाही तरी बाहेर उभे राहू नये. आत जावे. ती चांगली आहे.'

पेन्सिल त्या शेवटच्या तीन शब्दांपाशी टेकून राहिली. बुधवारपासूनचे चार दिवस तिच्या डोळ्यांसमोरून गेले. चुकलेलं एका रेघेने खोडायचं, हे नुकतंच ऐकलेलं तिच्या कानात होतं, आणि तिचा हात पुढे जाईना आणि मागेही येईना.

मोजणीदार एव्हाना परत खांबापाशी जाऊन, उलट दिशेने वळून, पुढच्या खुणेकडे तोंड करून उभे होते. हॅट त्यांच्या डोळ्यांवर आलेली होती.

"शेऱ्यापाशी अडलीस का?" त्यांनी वळून न बघता तिथूनच मोठ्याने विचारलं.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तो राहू दे तसाच," ते म्हणाले. "तिथे चूक नाही. ये, कड धर."